एबीएस लावला म्हणजे रडीचा डाव का?

रेसिंग गेम किती खरे असावेत आणि किती सोपे, यावर मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर सोलापुरातून बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न : फोर्झा होरायझन ५ मध्ये जुनी बीएमडब्ल्यू एम३, म्हणजे ई३०, कंट्रोलरवर मस्त चालवतो. तीच गाडी असेटो कोर्सा या दुसऱ्या रेसिंग गेममध्ये घेतली की दुसऱ्याच वळणाला गपकन गिरकी घेते. गाडी सावरायला गेम देतो त्या सगळ्या मदती (एबीएस वगैरे) बंद ठेवतो, कारण चालू केल्या की मित्र म्हणतो, “पोरासोरांचा गेम खेळलालास बे.” खरी गाडी एवढी अवघड असते का? आणि मदत घेणं रडीचा डाव आहे का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नाही, आणि नाही.

ई३० ही लोकांनी ऑफिसला नेलेली गाडी आहे. सात रस्त्याला वळसा घालताना ती गिरकी घेत असती तर विकलीच गेली नसती. खऱ्या गाडीत मागचं चाक सुटायला लागलं की ते आधी कंबरेला कळतं आणि मग डोळ्याला. पडद्यासमोर कंबर गप्प बसलेली असते. डोळ्याला दिसेपर्यंत गाडी बरीच फिरलेली असते आणि अंगठा त्यानंतर हलतो. म्हणजे गेमचं गणित अगदी बिनचूक असलं, तरी खेळणाऱ्याला ती गाडी खऱ्यापेक्षा अवघडच जाणार. मदती असतात त्या ही उणीव भरून काढायला.

आता मित्राच्या मुद्द्याचं. कंट्रोलरवर ‘सगळं बंद’ असं काही नसतंच. खऱ्या स्टिअरिंगचे अडीच-तीन फेरे अंगठ्याच्या एवढ्याशा हालचालीत बसवायचे तर गेमला मध्ये हात घालावाच लागतो. वेग वाढला की तो चाकं कमी वळवतो, झटका मारला तर तो गुळगुळीत करून घेतो. असेटो कोर्सात हे सगळं उघड आकड्यांत दिसतं : स्टिअरिंग स्पीड, फिल्टर, गॅमा, स्पीड सेन्सिटिव्हिटी. फोर्झात ‘नॉर्मल’ स्टिअरिंग गाडी सावरायलाही गुपचूप मदत करतं. ‘सिम्युलेशन’ स्टिअरिंग लावून बघा, तिथली एम३ही एकदम तिखट होईल. तुमच्या मित्रालाही हीच मदत मिळते, फक्त ती त्याच्या यादीत दिसत नाही.

करायचं काय? असेटो कोर्सात एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी सोय) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर चाकं जागच्या जागी फिरू न देणारी) दोन्ही ‘फॅक्टरी’वर ठेवा. म्हणजे कंपनीने त्या गाडीला जे दिलं तेवढंच मिळतं. ई३०ला ट्रॅक्शन कंट्रोल नव्हताच, त्यामुळे फॅक्टरीवरही तो मिळणार नाही, आणि तुमची गिरकी नेमकी तिथूनच येते. म्हणून शिकायला ही गाडी चुकीची. आधी अबार्थ ५०० घ्या. तिची पुढची चाकं ओढतात, त्यामुळे चुकलात तर गाडी बाहेर सरकते, फिरत नाही. मग माझ्दा एमएक्स-५, मग एम३. ट्रॅक ‘माजिओने’ नावाचा घ्या. अडीच किलोमीटरचाच आहे, तेच वळण लगेच पुन्हा येतं. गॅमा वाढवला की कंट्रोलरची अंगठ्याखालची काठी मधोमध असताना गाडी कमी दचकते. एका वेळी एकच आकडा बदला आणि पाच लॅप मारल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

आणि वळणात नेमकं काय चुकतं ते बघा. टायरची एकूण पकड १०० धरा. ती ब्रेक आणि वळण दोघांत वाटायची, पण वाटणी साध्या वजाबाकीची नाही, शाळेतल्या पायथागोरसची आहे. ब्रेकला ९० दिली तर वळायला १० नाही, ४४ उरते. ब्रेक ६० वर आणला की वळायला तब्बल ८०. म्हणून सरळ रस्त्यावरच कचकचीत ब्रेक मारायचा आणि जसजसं स्टिअरिंग वळेल तसतसा तो सोडत जायचा. बहुतेकजण उलटं करतात. वेग जास्त राहिला म्हणून वळणाच्या मध्यावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडतात. वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गिरकी. घाबरलात तरी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडू नका, अर्ध्यावर आणा. गाडी अर्ध्याच्या वर फिरलीच तर सावरायच्या नादी लागू नका. क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून थांबा.

मदती काढायच्या त्या क्रमाने. आपोआप स्टिअरिंग आणि आपोआप ब्रेक आधी काढा, कारण त्या तुमच्या जागी निर्णय घेतात आणि तुम्हाला काही शिकू देत नाहीत. मग रस्त्यावरची रंगीत रेषा फक्त वळणापुरती ठेवा आणि नंतर तीही घालवा. रेषा असेपर्यंत डोळे तिच्यावरच खिळतात, वळण किती मीटरवर आहे ते सांगणाऱ्या कडेच्या १५०-१००-५०च्या पाट्या दिसतच नाहीत. त्यानंतर स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी गिरकी घ्यायला लागली की सावरणारा), मग गिअर हाताने, मग ट्रॅक्शन कंट्रोल पूर्णवरून मध्यमवर. एबीएस सगळ्यात शेवटी, आणि खऱ्या गाडीला तो असेल तर कधीच नाही. जीटी३ शर्यतीच्या गाड्यांना एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही असतात, तिथे ते बंद करून फुशारकी मारणं म्हणजे उलट खरेपणापासून लांब जाणं. फॉर्म्युला वनचं वेगळं. तिथे एबीएसवर १९९४पासून आणि ट्रॅक्शन कंट्रोलवर २००८पासून बंदी आहे. पण ते ड्रायव्हर पायाने अ‍ॅक्सिलरेटर मोजतात, तुम्ही बोटाच्या पेराएवढ्या ट्रिगरवर. मध्यम ट्रॅक्शन कंट्रोल ठेवा, कोणी विचारलं तर हे उत्तर द्या.

प्रश्न : जुना लॉजिटेक जी२९ व्हील सेट, म्हणजे गेमसाठीचं स्टिअरिंग आणि पेडल, घेतला. ब्रेक दगडासारखा लागतो. पेडल शहाबादी फरशीवर पुढे पळतात, खाली चादरीची घडी घातली तरी तेच. सरळ रस्त्यावर हात सोडला की स्टिअरिंग आपोआप डावी-उजवी थरथरतं. सेट खराब आहे का?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : यातल्या दोन गोष्टी तशाच असतात आणि तिसरी फरशीची आहे.

जी२९च्या ब्रेकमध्ये स्प्रिंगच्या आत रबराचा ठोकळा आहे. शेवटी शेवटी पाय अडतो तो त्यामुळे, आणि तो मुद्दाम दिलेला आहे. पायाला अंतरापेक्षा दाब चांगला लक्षात राहतो. ठोकळा काढून टाकायची युक्ती सगळीकडे सांगतात, घाईने करू नका. आधी सॉफ्टवेअरमध्ये ब्रेकची सेन्सिटिव्हिटी वाढवा, म्हणजे पेडल कमी दाबलं तरी ब्रेक जास्त लागेल.

पेडलच्या बुडाला गालिच्यात रुतणारे दात आहेत. फरशीवर त्यांचा उपयोग शून्य, आणि सोलापुरी चादर कितीही जाड असली तरी तीही फरशीवरून घसरतेच. चार फूट बाय दोन फुटांचा १२ मिलीमीटर प्लायवूडचा तुकडा घ्या. एका टोकाला पेडल स्क्रूने बसवा, बुडाला त्यासाठी भोकं आहेत. दुसऱ्या टोकावर साध्या खुर्चीचे चारही पाय ठेवा. पेडल ढकलणारे तुम्हीच आणि फळी दाबून धरणारेही तुम्हीच, त्यामुळे काही हलत नाही. चाकांची खुर्ची नको, ब्रेक मारताच ती मागे जाते आणि तुम्ही पेडलपासून लांब.

हात सोडल्यावरची थरथर सगळ्याच मोटर असलेल्या व्हीलमध्ये कमीजास्त असते. गाडीची चाकं सरळ व्हायला बघतात, मोटरचा धक्का किंचित उशिरा पोचतो, स्टिअरिंग मध्य ओलांडून पलीकडे जातं आणि हे चालूच राहतं. हलक्या हाताने धरलं की थांबतं. आतल्या गिअरचा खडखडाटही याच मॉडेलचा स्वभाव आहे.

जुना सेट म्हणून दोन तपासण्या मात्र करा. वीज आणि यूएसबी दोन्ही जोडल्यावर व्हील आपणहून दोन्ही टोकांना फिरून मध्यावर थांबलं पाहिजे. त्या वेळी हात लावू नका. फिरलंच नाही तर आधी २४ व्होल्टचा अडॅप्टर बघा. थांबताना मध्य चुकला तर आतल्या सेन्सरची तक्रार आहे. दुसरी तपासणी पेडलची. विंडोजच्या गेम कंट्रोलर खिडकीत पट्टी बघत प्रत्येक पेडल अगदी सावकाश दहा वेळा दाबा. पट्टी मध्येच उडी मारत असेल तर पेडल किती दाबलं ते मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरवर धूळ बसली आहे. सगळ्या तारा काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला की बहुतेकदा भागतं.

सेटिंगमध्ये फिरण्याची मर्यादा ९०० अंश ठेवा. फोर्स फीडबॅक, म्हणजे मोटर स्टिअरिंगला देते तो जोर, १०० टक्के ठेवायचा मोह टाळा. मोटर एका मर्यादेपलीकडे जोर देऊ शकत नाही, मग मोठा धक्का आणि मध्यम धक्का दोन्ही सारखेच लागतात. नेमकं टायर सुटताना जे हलकं वाटायला हवं ते कळतच नाही. असेटो कोर्साच्या पेडल-पट्ट्यांत फोर्सची पट्टी लांब वळणात सतत लाल राहत असेल तर ती लाल फक्त क्वचित होईल इतपत जोर उतरवा. मे महिन्यातल्या दुपारी तासभर खेळल्यावर व्हील मऊ पडलं तर घाबरू नका, मोटर तापली की जोर कमी होतो.

तुम्ही विचारलं नाही, पण व्हील घेतलेल्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं : गेममध्ये दिसणाऱ्या दृश्याचा कोन (फील्ड ऑफ व्ह्यू) बदला. २४ इंची मॉनिटर डोळ्यांपासून ६० सेंटीमीटरवर असेल तर खरं दिसणं म्हणजे उभ्या दिशेने जेमतेम २८ अंश. आडवं मोजणाऱ्या गेममध्ये तेच सुमारे ४८. खिडकीच्या फटीतून बघितल्यासारखं वाटेल, पण वळण किती लांब आहे ते अचानक कळायला लागेल. अगदीच गुदमरलात तर उभा कोन ३५ पर्यंत न्या.

प्रश्न : अपघातानंतर उजव्या हाताने काही धरता येत नाही. डाव्या हाताने रेसिंग गेम खेळता येतील का? भाऊ म्हणतो, तू नुसता बघ.
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : भावाला दुसरा कंट्रोलर द्या. एक्सबॉक्सवर ‘कंट्रोलर असिस्ट’ (आधीचं नाव ‘कोपायलट’) नावाची सोय आहे, त्यात दोन कंट्रोलर मिळून एकच गाडी चालते : स्टिअरिंग तुमचं, ब्रेक त्याचा. चूक कोणाची यावर भांडणं होतील, ती होऊ द्या.

एकट्याने खेळायचं तर बटणं बदलून घ्या. एक्सबॉक्स आणि पीएस५ दोन्हींवर हे कन्सोलच्याच सेटिंगमध्ये होतं. डाव्या अंगठ्याला स्टिअरिंग, डाव्या ट्रिगरला अ‍ॅक्सिलरेटर, त्याच्या वरच्या बटणाला ब्रेक. अ‍ॅक्सिलरेटर ट्रिगरवरच हवा, कारण तो कमीजास्त दाबता येतो. वरचं बटण म्हणजे दिव्याचं बटण, चालू नाहीतर बंद, त्यामुळे ब्रेक दर वेळी पूर्ण लागणार. म्हणून एबीएस पूर्ण चालू ठेवा, तो चाकं लॉक होऊ देत नाही आणि या ब्रेकने गाडी नीट थांबते. गिअर आपोआप.

गेम निवडताना फोर्झा होरायझन ५ बघा, त्यात ऑफलाइन खेळताना अख्ख्या खेळाचा वेगच कमी करता येतो. गाडीचं गणित तेच राहतं, विचाराला वेळ जास्त मिळतो. आमच्या मते आजवरची ही सगळ्यात प्रामाणिक मदत आहे. २०२३च्या फोर्झा मोटरस्पोर्टमध्ये कमी बटणांत चालवायची सोय आहे, आणि पूर्ण अंध खेळाडूंना आवाजावरून वळण, कडा आणि वेग कळावा अशीही. ग्रॅन टुरिझ्मो ७ मध्ये स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत वेगवेगळी लावता येते. मारिओ कार्ट ८ डिलक्समध्ये अ‍ॅक्सिलरेटर आपोआप चालू ठेवता येतो, मग एक अंगठा पुरतो. ऑनलाइन शर्यतीत उतरण्याआधी सर्व्हरचे नियम वाचा, काही ठिकाणी काही मदती बंद केलेल्या असतात.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा आहे. म्हणतो, सिम्युलेटरवर शिकलो की १८व्या वर्षी थेट लायसन्स. खरं का?
– एक पालक, विजापूर रोड

उत्तर : लांब बघण्याची सवय, ब्रेक वळणाआधी मारायचा हे, आणि वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं हे भान, एवढं मिळतं. शेवटचं तर फार मोलाचं. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरनी ताशी १०० वरून थांबायला ४० मीटर लागले तर २०० वरून १६०. पण गेमच्या ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात. उलट्या बाजूने येणारी दुचाकी, आरसे, चढावर क्लचवर गाडी तोलणं, यातलं काहीच त्यात नाही. शिवाय गेममध्ये धडकलं की मागे जाऊन परत खेळता येतं. हे ‘मागे जा’ बटण गाडी शिकायला लागायच्या वर्षभर आधीपासून बंद ठेवायला लावा.

प्रश्न : फोनवर अ‍ॅस्फाल्ट या रेसिंग गेममध्ये टचड्राइव्ह लावलं की गाडी आपोआप वळते. मग खेळतो कोण?
– एक वाचक, नवी पेठ

उत्तर : तुम्हीच खेळता, पण वेगळा खेळ. त्यात रस्ता निवडणं आणि नायट्रो (वेगाचा जादा झटका) कधी मारायचा एवढंच तुमच्या हाती राहतं. सिटी बसमध्ये उभ्याने खेळायला तेवढं पुरतं. स्वतः वळवायचं असेल तर फोन तिरका करण्याची पद्धत घ्या, पडद्यावरच्या बाणापेक्षा तिच्यात मधले कोन मिळतात. फोन ज्या कोनात आरामात धरता त्याच कोनात धरून शर्यत सुरू करण्याआधी कॅलिब्रेट करा, कोपरं मांडीवर टेकवा. हवेत धरलेला फोन दहा मिनिटांत खाली झुकतो.