वाचकांचे प्रश्न : क्यूबाहून आलेले देसी अर्नाझ

प्रश्न : 'आय लव्ह लुसी' ही जुनी अमेरिकी मालिका मी अलीकडेच पाहिली. त्यात नवऱ्याचे काम करणारे देसी अर्नाझ निर्वासित होते, हे खरे आहे का? 'देसी' या नावाचा आपल्या शब्दाशी काही संबंध आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नावाचा संबंध नाही, 'देसिदेरियो' या स्पॅनिश नावाचे ते लघुरूप आहे. दुसरी गोष्ट मात्र खरी आहे. अर्नाझ यांचा जन्म 2 मार्च 1917 रोजी क्यूबातील सांतियागो शहरात, चांगल्या खात्यापित्या घरात झाला. वडील त्या शहराचे महापौर होते आणि आजोळचे नाते बकार्डी या प्रसिद्ध रम कंपनीशी होते. ऑगस्ट 1933 मध्ये राष्ट्राध्यक्ष माचादो यांची सत्ता उलथली आणि त्यांच्या बाजूचे म्हणून वडिलांना तुरुंगात टाकण्यात आले, घरदार आणि जमीनजुमला गेला. 1934 मध्ये हा 17 वर्षांचा मुलगा मायामीत दाखल झाला तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेम येत होते. बापलेक एका गुदामात राहत, तेथे उंदरांचा सुळसुळाट होता. मिळेल ते काम करण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यांपैकी एक काम होते कॅनरी पक्ष्यांचे पिंजरे साफ करण्याचे. कालपरवापर्यंत ज्याच्या दिमतीला नोकरचाकर होते, तो मुलगा पक्ष्यांची विष्ठा खरवडत होता, हे चित्र मला त्यांच्या पुढच्या कोणत्याही यशापेक्षा अधिक लक्षात राहते.

गिटार आणि गळा यांनी त्यांना तेथून बाहेर काढले. झेवियर कुगाट यांच्या वाद्यवृंदात उमेदवारी केल्यानंतर त्यांनी स्वतःचा संच उभा केला आणि खांद्याला ढोल अडकवून, लोकांना एकामागे एक रांगेत नाचायला लावणारा कोंगा हा क्यूबन नाच मायामीत लोकप्रिय केला. 1939 मध्ये ब्रॉडवेच्या रंगभूमीवर काम मिळाले. त्याच नाटकावरून 1940 मध्ये आरकेओ स्टुडिओत चित्रपट निघाला, त्यावेळी पुढे मालिकेत लुसीचे काम करणाऱ्या अभिनेत्री ल्युसिल बॉल यांची भेट झाली आणि त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला दोघांचे लग्न झाले.

प्रश्न : मी अनेक वर्षे न्यू जर्सीत राहते. माझ्या मराठी वळणाच्या इंग्रजीला कार्यालयात आजही हसतात. अर्नाझ यांना आपल्या उच्चारांचा अडसर झाला नाही का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : झाला, आणि तो सुरुवातीलाच झाला. सीबीएस वाहिनीला मालिकेसाठी ल्युसिल बॉल हव्या होत्या, पण त्यांच्या नवऱ्याच्या भूमिकेत हा क्यूबन गृहस्थ प्रेक्षकांना पटणार नाही, असे तेथील मंडळींचे मत होते. त्यावर वाद न घालता या जोडप्याने 1950 मध्ये गावोगावच्या रंगमंचांवर एकत्र कार्यक्रम केले आणि प्रेक्षक आपल्याला स्वीकारतात हे दाखवून दिले. मालिकेत त्यांच्या उच्चारांवर विनोद आहेत, परंतु ती थट्टा करण्याचा अधिकार फक्त लुसीला, म्हणजे बायकोला होता. घरच्या माणसाने केलेली चेष्टा आणि परक्याने केलेली टवाळी यांतला फरक आपल्याला मी वेगळा सांगायला नको.

प्रश्न : टेलिव्हिजनच्या इतिहासात त्यांचे नाव इतक्या आदराने का घेतले जाते? तीन कॅमेऱ्यांची पद्धत त्यांनीच शोधून काढली का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : शोधून काढली म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, एकाहून अधिक कॅमेऱ्यांनी चित्रण करण्याचे प्रयोग आधीही झाले होते. अर्नाझ यांचे श्रेय वेगळे आहे आणि माझ्या मते ते अधिक मोठे आहे. 1951 पर्यंत बहुतेक कार्यक्रम न्यू यॉर्कहून थेट प्रक्षेपित होत आणि पश्चिमेकडच्या प्रेक्षकांना पडद्यावरून उतरवून घेतलेली धूसर प्रत पाहावी लागे. अर्नाझ दांपत्याला हॉलिवूड सोडायचे नव्हते आणि प्रायोजक असलेल्या फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीला पूर्वेकडे धूसर प्रत चालणार नव्हती. तेव्हा मालिका 35 मिलिमीटर फिल्मवर, तरीही समोर प्रेक्षक बसवून, नाटकासारखी सलग चित्रित करायची असे ठरले. ल्युसिल बॉल प्रेक्षकांच्या हशाशिवाय खुलत नसत, हे नवरा म्हणून त्यांना ठाऊक होते. प्रकाशयोजनेसाठी त्यांनी कार्ल फ्रॉइंड या मुरलेल्या छायालेखकाला राजी केले. तेही युरोपातून आलेले. तीन कॅमेरे एकाच वेळी चालू असताना प्रत्येकासाठी वेगळी प्रकाशयोजना करता येत नाही, म्हणून फ्रॉइंड यांनी दिवे वर टांगून संपूर्ण रंगमंचावर सारखा प्रकाश पसरवला.

फिल्मचा खर्च वाढला, तेव्हा दोघांनी आपल्या मानधनात कपात मान्य केली आणि त्या बदल्यात मालिकेच्या फिल्मची मालकी आपल्या देसिलू या कंपनीकडे मागून घेतली. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कोण पाहणार, असे मानले जाण्याचा तो काळ होता. 15 ऑक्टोबर 1951 रोजी मालिका सुरू झाली. 19 जानेवारी 1953 रोजी लुसीच्या बाळंतपणाचा भाग सुमारे 4 कोटी 40 लाख लोकांनी पाहिला आणि त्याच दिवशी अर्नाझ यांना प्रत्यक्षात मुलगा झाला. पुढे त्या फिल्मचे हक्क विकून लाखो डॉलर मिळाले, आणि 1957 मध्ये देसिलूने आरकेओचे स्टुडिओच विकत घेतले. ज्या आवारात ते 1940 मध्ये नवखे नट म्हणून शिरले होते, तेच हे आरकेओ. मालिकेच्या चौघा मुख्य कलाकारांपैकी अभिनयाच्या एमी पुरस्कारासाठी नामांकन मात्र एकट्या अर्नाझ यांनाच कधी मिळाले नाही, ही मला आजही अन्यायाची गोष्ट वाटते. कारण लुसीच्या प्रत्येक खोडीनंतर त्यांच्या चेहऱ्यावर जो संताप चढत जाई, त्यामुळेच ती खोडी रंगत असे.

कामाचा ताण आणि मद्यपान यांपायी संसार मोडला. 1960 मध्ये घटस्फोट झाला आणि 1962 मध्ये त्यांनी कंपनीतील आपला वाटा ल्युसिल बॉल यांनाच विकला. 2 डिसेंबर 1986 रोजी कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.