एफडी मोडू का लोन काढू? आधी ती एफडी आहे का ते बघा

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला असलेल्या २८ वर्षांच्या वाचकाचं पत्र आलंय. डिसेंबरात लग्न आहे. फेब्रुवारीत हनिमूनला न्यूझीलंडच्या साउथ आयलंडला जायचंय, टूरवाल्यांच्या बसमधनं नाही तर स्वतः गाडी भाड्याने घेऊन, ख्राइस्टचर्चला उतरायचं, टेकापो, माउंट कुक, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड, वानाका आणि वेस्ट कोस्टवरनं परत, बारा दिवस. खर्च ५ लाख धरलाय. हातात पगार ४८ हजार, बाईकचा हप्ता साडेचार हजार, घरी १५ हजार देतात, सेव्हिंगला दीड लाख आहेत. होणारी बायको खाजगी शाळेत शिकवते, तिला २२ हजार. ट्रिप तिला सरप्राइज द्यायची आहे. प्रश्न एवढाच की "सर, ५ लाखाचं पर्सनल लोन ५ वर्षांसाठी १३ टक्क्यांनी मिळतंय ते घेऊ, का बँकेतली ४ लाखाची एफडी मोडून वरचे १ लाख सेव्हिंगमधनं घालू? एफडीला १५ टक्के मिळतात, पाच वर्षं भरायचे आणि दहाव्या वर्षी ३० लाख, म्हणून मोडायचं जिवावर येतंय." सोबत एफडीच्या कागदाचा फोटो पाठवलाय.

तो फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, कारण तो एफडीचा कागद नाहीये.

बघा, फोटोत काय लिहिलंय. वार्षिक हप्ता २ लाख, हप्ते भरायची मुदत ५ वर्षं, पॉलिसीची मुदत १० वर्षं, विमा रक्कम २० लाख. एफडीला दरवर्षी हप्ता कधी असतो का? एफडी एकदा ठेवायची, पावती घ्यायची आणि मुदत संपली की व्याजासकट उचलायची. एफडीला विमा रक्कम नसते, आणि आजच्या घडीला कुठलीही धड बँक एफडीवर १५ टक्के देत नाही, साडेसहा-सातच्या आसपास देते. हा युलिप आहे, म्हणजे विमा कंपनीची शेअर बाजाराशी जोडलेली पॉलिसी. तुम्ही बँकेत एफडी करायला गेलात आणि टेबलापलीकडच्या माणसाने टार्गेटसाठी हे तुमच्या गळ्यात मारलं. तुमच्यासारखी शिकलेली, मशीनवर मायक्रॉनचा फरक पकडणारी पोरंसुद्धा बँकेच्या काचेच्या केबिनमध्ये सही करून येतात, कारण समोर बँक आहे म्हणून विश्वास ठेवतात, आणि नेमका तोच विश्वास विकला जातो, मला याचा खरंच संताप येतो.

तुमच्या घरी या पॉलिसीची फाइल असेल, ती काढा. त्यात इंग्रजीत ठळक अक्षरात एक ओळ असणार, की या पॉलिसीतल्या गुंतवणुकीची जोखीम पॉलिसीधारकाची आहे. आणि दुसरी, की पहिली पाच वर्षं यातनं पैसे काढता येणार नाहीत. या ओळी छापणं कंपनीला बंधनकारक असतं. मग फायद्याचा तक्ता असतो, त्यात दोनच कॉलम असतात, एक ४ टक्क्यांचा आणि एक ८ टक्क्यांचा, कारण आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाप्रमाणे त्यांना त्याच दोन दरांनी दाखवावं लागतं. १५ चा कॉलम सापडणार नाही. त्या तक्त्याखाली तुमची सही असेल.

आता ३० लाखांचं बघू. दरवर्षी २ लाख असे ५ वर्षं, म्हणजे १० लाख भरायचे आणि दहाव्या वर्षी घ्यायचे. सलग १५ टक्के मिळाले तर ३१ लाख होतात, तोंडी सांगितलेला आकडा तिथनं आला. ८ टक्क्यांनी साडेअठरा होतात, चार्जेस जाऊन सतराच्या आसपास धरा. ४ टक्क्यांनी पावणेचौदा, त्यातनं पण चार्जेस जाणार. बाजार चांगला चालला तर जास्त मिळेल, मी नाही म्हणत नाही, पण "मिळतात" आणि "मिळू शकतात" यात तेरा-चौदा लाखांचा फरक आहे आणि तुम्ही पहिल्याच्या भरवशावर बसलाय.

म्हणजे तुमच्या प्रश्नातला दुसरा पर्याय मुळात नाहीच. दोन हप्ते भरून झालेत, पाच वर्षांचं लॉक-इन आहे, फेब्रुवारीत तुम्ही बँकेत जाऊन "मोडा" म्हणालात तरी एक रुपया हातात येणार नाही. उलट फेब्रुवारीतच तिसरा हप्ता आहे, २ लाख, ऑटो डेबिटने. तुमच्या पत्रात या हप्त्याचा एका शब्दाने उल्लेख नाही. त्या महिन्यात तुम्ही ख्राइस्टचर्चला गाडीची चावी घेत असणार आणि इकडं खात्यातनं २ लाख जायला बघणार.

राहिला पहिला पर्याय, लोन. ५ लाख, १३ टक्के, ५ वर्षं म्हणजे हप्ता ११,४०० च्या आसपास, एकूण व्याज १ लाख ८३ हजार, प्रोसेसिंग फी वेगळी. आता महिन्याचा हिशोब मांडा. पॉलिसीचे २ लाख म्हणजे महिन्याला १६,७००, लोनचा हप्ता ११,४००, बाईक साडेचार, घरी १५ हजार. बेरीज ४७,६००. पगार ४८ हजार. चारशे रुपये उरले, त्यात नव्या संसाराचं पेट्रोल, मोबाईल, रंकाळ्यावरची भेळ, सगळं. "पुढच्या वर्षी इन्क्रिमेंट झालं की जाणवणार नाही" असं तुम्ही लिहिलंय. फौंड्रीत ऑर्डरी कमी झाल्या की ओव्हरटाइम आधी जातो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, शिरोलीत काम करता तुम्ही. ऋण काढून सण करायचा नाही हे आपली म्हातारी माणसं उगाच सांगत नव्हती, आणि इथं तर सण बारा दिवसांचा आणि ऋण पाच वर्षांचं आहे.

मग पॉलिसीचं काय करायचं? मी असतो तर तिसरा हप्ता भरला नसता. कारण साधं आहे, तुमच्या पगाराच्या एक तृतीयांशाहून जास्त रक्कम एका अशा गोष्टीत अडकतेय जी तुम्ही काय आहे हे न कळता घेतली. हप्ता चुकवला की ग्रेस पिरियड संपल्यावर तुमचा फंड कंपनीच्या वेगळ्या डिसकंटिन्यूड फंडात, म्हणजे बंद पडलेल्या पॉलिस्यांसाठीच्या फंडात जातो. तिसऱ्या वर्षात थांबवलं तर तुमच्या हप्त्याच्या पॉलिसीला त्यासाठी जास्तीत जास्त ४ हजार रुपये कापता येतात, त्याहून जास्त नाही, त्यामुळे "सगळे पैसे बुडतील" असं कोणी घाबरवलं तर ऐकू नका. त्या फंडावर किमान ४ टक्के मिळतात आणि पॉलिसीला पाच वर्षं झाली की पैसे तुमच्या खात्यात. ४ टक्के कमी आहेत, मान्य. पण पुढचे ६ लाख भरायला लोन काढावं लागणार असेल तर ते ४ टक्केच परवडतात.

उलट बाजूही सांगतो. अशा पॉलिसीत सुरवातीच्या वर्षांत चार्जेस जास्त असतात आणि ते तुम्ही भरून बसलाय, त्यामुळे ज्याचा पगार लाखभर आहे आणि ज्याला २ लाख जड नाहीत त्याला मी कदाचित पाच वर्षं पूर्ण करा म्हणालो असतो. तुम्ही त्यातले नाही. आणखी एक, जुन्या पद्धतीने रिटर्न भरून या हप्त्यांवर ८०सीची करसवलत घेतली असेल तर थांबवायच्या आधी तुमच्या सीएला एकदा विचारा.

पण क्रम चुकवू नका. हप्ता थांबला की २० लाखाचं विमा कवच पण जातं, आणि लग्न होतंय. म्हणून आधी १ कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स काढा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, तुमच्या वयाला, तंबाखूचं व्यसन नसेल तर वर्षाला दहा-बारा हजारांत होतो, सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी पण नाही. मावा खात असाल तर फॉर्मवर खरं लिहा, फौंड्रीत काम आहे तेही लिहा, लपवलेलं क्लेमच्या वेळी बायकोच्या अंगावर येतं. ती पॉलिसी हातात आली की मग बँकेत लेखी अर्ज देऊन युलिपचं ऑटो डेबिट बंद करा.

आणि तक्रार करा. फोनमध्ये त्या माणसाचे मेसेज शोधा, कुठंही "एफडी" किंवा "१५ टक्के" असं त्याने लिहिलेलं असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, तोंडी बोलणं सिद्ध करणं अवघड जातं पण लेखी मेसेज असला की बाजू भक्कम होते. आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, एक प्रत बँकेला. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा टोलवाटोलवी झाली तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर टाका आणि पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा, कोल्हापूर त्यांच्याकडेच येतं, वकील लागत नाही, फी नाही. घेतल्यापासून महिन्याभरात परत करायची मुदत तुमच्याकडनं गेली, पण चुकीचं सांगून विकल्याची तक्रार वेगळी आणि तिच्यात भरलेले हप्ते परत मिळालेली माणसं आहेत. मिळतीलच असं समजून मात्र बजेटमध्ये धरू नका.

आता न्यूझीलंड. जाऊ नका असं मी म्हणणार नाही, माझ्या मते पैसा अशाच गोष्टींसाठी साठवायचा असतो, आणि साउथ आयलंड गाडीने बघायचीच जागा आहे. तिकडं आपल्यासारखंच डावीकडनं चालवायचं, स्टिअरिंग उजवीकडं, आपलं इंग्रजीतलं लायसन्स चालतं. गगनबावड्याच्या घाटात पावसात गाडी काढलेल्याला तिथले रस्ते भीती घालणार नाहीत. पण तुमचे ५ लाख कमी पडतायत. मुंबईहून दोघांचं विमान दोन-सव्वादोन लाख, फेब्रुवारी म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा, हॉटेलं आणि गाड्या दोन्ही महाग, तिथला एक डॉलर पन्नास रुपयांच्या घरात धरला तर मुक्काम १ लाख, गाडी ५० हजार, पेट्रोल पंधरा-सोळा हजार, खाणं ६०-६५ हजार, व्हिसा-इन्शुरन्स ५० हजार, बोट वगैरे ३० हजार. सव्वापाचच्या आसपास जातंच.

शिवाय जे कुठल्याही व्हिडिओत नीट सांगत नाहीत ते गाडीच्या एक्सेसचं. गाडीला खरचटलं तरी पहिले तीन ते पाच हजार डॉलर तुमच्या खिशातले, म्हणजे दीड-अडीच लाख. ते शून्यावर आणायचं तर रोजचे जादा पैसे भरावे लागतात, ते भराच, तिथं कंजुषी नको. काउंटरवर डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं आणि त्याला तेवढं लिमिट लागतं, तुमचं कार्ड ६० हजारांचं आहे, आत्ताच लिमिटचं बघा. काही रस्त्यांवर, क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड त्यातलाच, भाड्याच्या गाडीचा इन्शुरन्स लागूच होत नाही. वेस्ट कोस्टला एका गाडीपुरते पूल खूप आहेत, पाटीवर तुमच्या बाजूचा बाण छोटा आणि लाल असला की थांबायचं. आणि मिलफर्डला क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन यायचा तुमचा प्लॅन बदला, जायलाच चार तास लागतात आणि तेवढेच यायला. 'ते आनाऊ' नावाच्या गावात राहा, स्वस्त पण पडतं, तिथनं मिलफर्ड १२० किलोमीटर आहे, निघताना टाकी फुल करा कारण मधे पंप नाही आणि मोबाईलला रेंजही नाही.

माझं म्हणणं, फेब्रुवारी सोडा आणि त्याच्या पुढच्या वर्षीचा एप्रिल धरा. एप्रिलमध्ये वानाका, ॲरोटाउनकडची झाडं पिवळीधमक होतात, गर्दी उतरते, ईस्टरचा आठवडा टाळला तर भाडी पण उतरतात. आजपासून वीस महिने मिळतात. पॉलिसीला जाणारे महिन्याचे १६ हजार आरडीत टाका, तीन लाख वीस हजार. लग्नानंतर तिने सहा हजार टाकले तर १ लाख. दोन दिवाळीचे बोनस, तुम्ही ४० हजार लिहिलाय, ८० हजार. व्याज धरून सव्वापाच. ऑफ सीझनला तेवढ्यात ट्रिप बसते, आणि सेव्हिंगचे दीड लाख अडीअडचणीला तसेच राहतात, त्याला हात लावू नका. लग्नानंतर लगेच कुठंतरी जायचंच, तर तुमची किंवा मित्राची गाडी काढा आणि कूर्गला चार दिवस जाऊन या, ३० हजारांत छान होतं, तेवढे आहेराच्या पाकिटांतनं निघतील.

सरप्राइजचं तेवढं रद्द करा. लोन काढलं असतं तर त्याचा हप्ता तिच्याही संसारातनं गेला असता आणि तिला ते पहिल्या महिन्यातच कळलं असतं. साखरपुडा झालाय, भेटता-बोलता, तर एका रविवारी दोघं बसा, पॉलिसीची फाइल, पगाराची स्लिप आणि न्यूझीलंडचा नकाशा तिन्ही टेबलावर ठेवा आणि हा हिशोब तिला दाखवा. शाळेला मे महिन्याची सुट्टी असते, एप्रिलात परीक्षा असतात, तिला रजा कधी मिळते हे तुम्ही विचारलेलंच नाही, आणि तारीख त्यावर ठरणार आहे. मेमध्ये गेलात तर थंडी वाढलेली असेल, मिलफर्डच्या रस्त्याला बर्फात टायरला लावायच्या चेन गाडीत ठेवाव्या लागू शकतात, तेवढंच.

पॉलिसीचा ताजा फंड व्हॅल्यूचा कागद आणि त्या सहीच्या तक्त्याचा फोटो मला पाठवा. चार्जेसपोटी आत्तापर्यंत किती गेले ते बघून तक्रारीचं पत्र कसं लिहायचं ते सांगतो. टर्मचा फॉर्म मात्र या महिन्यातच भरा, मेडिकलला वेळ जातो आणि फेब्रुवारीच्या हप्त्याआधी ती पॉलिसी हातात पाहिजे.