वाचकांचे प्रश्न : बासरीची ती धून

प्रश्न : १९८० च्या दशकात नोकरीनिमित्त मी काही वर्षे टोरांटोत राहिलो. त्या वेळी दूरचित्रवाणीवर अक्षरे भरत भरत शब्दसमूह ओळखण्याचा एक खेळ लागत असे. त्याचे नाव मी विसरलो, पण आरंभीची बासरीची खट्याळ धून अजून कानात आहे. पुढे तीच धून एका इंग्रजी विनोदी चित्रपटात ऐकली. तो कार्यक्रम कोणता? आणि त्यातील बक्षिसे इतकी किरकोळ का असत? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तो कार्यक्रम ‘डेफिनिशन’. सीटीव्ही या कॅनडाच्या खासगी वाहिनीवर तो १९७४ पासून १९८९ पर्यंत चालला आणि त्याचे चित्रीकरण टोरांटोलगतच्या स्कारबरो येथील स्टुडिओत होत असे. धून आहे क्विन्सी जोन्स यांची, १९६२ मधील ‘सोल बोसा नोव्हा’. १९९७ च्या ‘ऑस्टिन पॉवर्स’ या चित्रपटामुळे ती जगभर पोहोचली. त्या पिढीच्या कॅनडावासीयांना मात्र ती आधीपासूनच घरची होती.

शाळेत फळ्यावर रेघा मारून चित्रपटाचे नाव ओळखण्याचा खेळ आपण खेळलो आहोत, त्याच जातीचा हा खेळ. फरक इतकाच, की येथे आधी एक सूचक वाक्य दिले जाई आणि उत्तर म्हणजे त्या वाक्यावर केलेला श्लेष असे, त्यामुळे शब्दसंग्रह कितीही मोठा असला तरी डोके थोडे तिरके चालल्याखेरीज उत्तर सापडत नसे.

बक्षिसांविषयी म्हणाल, तर कारण बाजारपेठेत आहे. १९८१ च्या सुमारास कॅनडाची लोकसंख्या अडीच कोटींच्या आत होती, तर शेजारच्या अमेरिकेची साडेबावीस कोटींच्या पुढे. जाहिरातींचे उत्पन्नही त्याच मानाने कमी. त्यात १९७० मध्ये प्रसारणाच्या नियामक आयोगाने स्वदेशी कार्यक्रमांचे प्रमाण ६० टक्के असावे, असा नियम केला. नाट्यमालिका महाग पडतात. याउलट एकच नेपथ्य, एकच सूत्रसंचालक आणि एका दिवसात अनेक भागांचे चित्रीकरण, असा हा स्वस्तातला मार्ग खासगी वाहिन्यांना सोयीचा होता. सूत्रसंचालक जिम पेरी १९८३ पासून अमेरिकेत ‘सेल ऑफ द सेंच्युरी’ही सादर करत होते, म्हणजे एकच गृहस्थ तिकडे मोटारी वाटत आणि इकडे माफक भेटी देत. माझ्या मते त्याने खेळाचे नुकसान झाले नाही. हरणाऱ्याचे फारसे काही बुडत नसल्यामुळे घरी बसलेला प्रेक्षक पैशांची धाकधूक बाजूला ठेवून कोड्यात रमत असे.

प्रश्न : इंदिरा गांधी कॅनडातील एका प्रश्नमंजूषेत पाहुण्या होत्या, असे ऐकले. ते खरे आहे काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : खरे आहे, मात्र त्याला नेहमीच्या अर्थाने प्रश्नमंजूषा म्हणता येणार नाही. सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक वाहिनीवर १९५७ ते १९९५ चाललेल्या ‘फ्रंट पेज चॅलेंज’मध्ये बातमीशी संबंधित व्यक्ती परीक्षकमंडळाच्या नजरेआड बसवली जात असे. तिला प्रश्न विचारत मंडळाने ती बातमी ओळखायची आणि त्यानंतर पाहुण्याची रीतसर मुलाखत घ्यायची, असा त्याचा आराखडा. खेळ निमित्तापुरता असे. खरा ऐवज मुलाखतीत. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्सही १९६५ मध्ये तेथे आले होते.

मंडळात लेखक पिएर बर्टन, बेट्टी केनेडी आणि पत्रकार गॉर्डन सिंक्लेअर ही मुरलेली मंडळी असत. सिंक्लेअर पाहुण्यांना त्यांची कमाई बेधडक विचारत, आणि सभ्य कॅनडावासीयांना ते फार खटके. पगाराची चौकशी केल्याखेरीज ज्यांचा चहा संपत नाही, अशा आपल्याकडील काकामंडळींना त्यात वावगे काय, हेच कळले नसते.