टॅबमधला कोरा स्लायडर आणि दोनदा आलेली जेक्वेरी

ताई, तुमच्या अडचणी मला समजल्या त्या अशा. पैठणीच्या साइटवर ‘पदर’, ‘काठ’ आणि ‘बुट्टे’ असे तीन बूटस्ट्रॅपचे (पान मांडायच्या तयार कोडचे) टॅब आहेत. पहिल्यातला स्लिक स्लायडर (फोटो सरकवत दाखवणारं प्लगिन, म्हणजे तयार जोडकोड) चालतो, बाकी दोन कोरे, आणि एफ१२ दाबून कन्सोल (ब्राउझरची चुका दाखवणारी खिडकी) उघडला की फोटो आपोआप येतात. दुसरं म्हणजे, मुख्य पानाच्या तळाशी चौकशीचा फॉर्म चिकटवला तेव्हापासून तिथला स्लायडर पार बंद. आणि आता तुम्ही प्लगिनच बदलायला निघालात. बदलू नका. नवं आणलंत तरी ही दोन्ही दुखणी बहुतेक तशीच राहतील.

एफ१२ची खूण लिहिलीत हे फार चांगलं केलंत, कारण उत्तर तिच्यातच आहे. स्लिक सुरू होताना बाहेरच्या डिव्हची (पानावरच्या चौकटीची) रुंदी मोजतो आणि त्या मापाने प्रत्येक फोटोची रुंदी पिक्सेलमध्ये लिहून टाकतो. त्या क्षणी ‘काठ’चा टॅब लपलेला असतो, म्हणजे डिस्प्ले नन. लपलेल्या डिव्हची रुंदी शून्य, म्हणून फोटोही शून्य रुंदीचे. पुढे टॅब उघडला तरी ‘परत मोज’ असं त्याला कुणी सांगत नाही. कन्सोल उजव्या बाजूला उघडला की पानाची रुंदी घटते, ती बदलली की स्लिक नव्याने मोजतो आणि फोटो दिसतात. खात्री करायची असेल तर कन्सोल खालच्या बाजूला लावून बघा. फोटो येणार नाहीत, कारण स्लिक फक्त रुंदीतला फरक पाहतो, उंचीतला नाही.

उपाय छोटा आहे. टॅब पूर्ण उघडल्यावर बूटस्ट्रॅपकडून ‘शोन’ हा इव्हेंट (काही घडल्याची सूचना) येतो. तो पकडून त्या टॅबमधल्या स्लायडरवर स्लिकची ‘सेटपोझिशन’ मेथड (परत मोजायची तयार आज्ञा) चालवा. ‘शो’ इव्हेंट घेऊ नका, तो टॅब दिसायच्या आधीच येतो आणि माप पुन्हा शून्यच निघतं. सेटटाइमआउट लावून अर्धा सेकंद थांबा, असंही कुणी सांगेल. तेही नको, कारण तो अर्धा सेकंद पान उघडल्यापासून मोजला जातो आणि गिऱ्हाईक टॅब कधी उघडेल त्याचा नेम नाही. पदर-काठ नीट बघितल्याशिवाय पैठणी कोण घेतं? पुढे दुकानाचा पत्ता दाखवायला लीफलेटचा (नकाशे दाखवणाऱ्या तयार कोडचा) नकाशा टॅबमध्ये टाकलात तर तोही असाच अर्धवट दिसेल. तिथे ‘इनव्हॅलिडेटसाइझ’ ही त्याची परत मोजायची मेथड लागते.

आता फॉर्म. लातूरच्या एका भुसार व्यापाऱ्याच्या साइटवर मी याच दुखण्यापायी दोन दिवसांत तीन स्लायडर बदलले होते. सोयाबीनच्या आवकेचे दिवस, त्यांचे फोनवर फोन, आणि कन्सोलमध्ये मात्र पहिल्यापासून एकच लाल ओळ होती: ‘स्लिक इज नॉट अ फंक्शन’, म्हणजे स्लिक नावाची आज्ञाच सापडत नाही. तुमच्याकडेही तीच असणार. लाल ओळी कितीही असल्या तरी सगळ्यात वरची आधी वाचा, खालच्या बऱ्याचदा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

मग एफ१२च्याच खिडकीतला नेटवर्क टॅब (पानासोबत कोणत्या फाइली आल्या ते दाखवणारा) उघडून शोधात जेक्वेरी (स्लिक जिच्या आधाराने चालतो ती जावास्क्रिप्ट लायब्ररी) टाका आणि पान रिफ्रेश करा. मूळ फाइल दोनदा दिसेल: एकदा तुमची, एकदा फॉर्मच्या कोडसोबत आलेली. प्लगिन लोड होताना त्या वेळी हजर असलेल्या जेक्वेरीला चिकटतं. नंतर दुसरी जेक्वेरी येते आणि डॉलरच्या नावावर (कोडमध्ये जेक्वेरीला हाक मारायचं $ हे चिन्ह) स्वतः बसते. तिला स्लिक माहीतच नसतो. फॉर्मच्या कोडमधली जेक्वेरीची स्क्रिप्ट ओळ काढून टाका. क्रम एवढाच ठेवा: आधी जेक्वेरी, मग स्लिक, मग तुमची फाइल. गावाकडे फोनवर साइट उघडणाऱ्याचा डेटाही तेवढाच वाचेल.

जेक्वेरी एकदाच दिसली, तर स्लिकच्या फाइलचं नाव तपासा. विंडोजला फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर सारखंच वाटतं, लिनक्स सर्व्हरला नाही. घरी चालतं आणि सर्व्हरवर ४०४ (फाइल सापडली नाही) येतो तो यामुळेही.

ओळ काढल्यावर फॉर्म भरून एकदा पाठवून बघा. तो जुन्या काळचा असेल आणि ‘लाइव्ह’ (क्लिकसारखे इव्हेंट पकडायची जुनी मेथड) वापरत असेल तर अडेल, कारण ती मेथड जेक्वेरीच्या २०१३च्या १.९ आवृत्तीत काढली. तिच्या जागी ‘ऑन’ लिहा. कोड मोठा असेल तर तूर्त जेक्वेरी मायग्रेट (जुना कोड चालू ठेवणारी जोडफाइल) लावा. त्याची जुनी, १.x आवृत्ती अशा काढलेल्या मेथडी परत देते, पण ती जेक्वेरी १.९ ते २.x सोबतच चालते. तुमची जेक्वेरी ३ असेल तर ‘ऑन’शिवाय पर्याय नाही. तरीही काही लाल दिसलं, तर वरची ओळ जशीच्या तशी इथे टाका.