जुन्या जीपच्या अ‍ॅक्सलवरचे प्लग: कुठला कशाचा?

तुमच्या महिंद्रा सीजे-३बी जीपबद्दल दोन प्रश्न आहेत. मागच्या अ‍ॅक्सलच्या कव्हरवर एकच प्लग (आट्यांचं बूच) दिसतो, मग ऑइल काढायचं कुठून? आणि पुढच्या अ‍ॅक्सलला तीन प्लग कसे?

कव्हरवरचा प्लग भरण्याचा, आणि लेव्हलचाही तोच. लेव्हल बघायला वेगळी काडी-बिडी काही नसते. गाडी सपाटीवर उभी करून तो उघडायचा आणि करंगळी आत घालून बघायची. भोकाच्या खालच्या कडेला ऑइल लागलं म्हणजे लेव्हल बरोबर.

ड्रेन, म्हणजे ऑइल काढायचा प्लग, असलाच तर हौसिंगच्या (अ‍ॅक्सलच्या मधल्या फुगीर भागाच्या) पोटाशी, अगदी खाली असतो. तिथे चिखल आणि जुनं ऑइल मिळून इतका जाड थर बसतो की प्लग आहे हेच कळत नाही. जुना स्क्रूड्रायव्हर आणि तारेचा ब्रश घेऊन खरवडा. चौकोनी डोकं नाहीतर चौकोनी खाच हाताला लागेल. खाच असेल तर आधी तिच्यातली माती कोरून काढा, बऱ्याचदा रॅचेटचं नुसतं टोक सॉकेटशिवाय बसतं. एवढं करूनही काही सापडलं नाही तर शोधत बसू नका. या स्पायसर कंपनीच्या अ‍ॅक्सलच्या काही हौसिंगना ड्रेन मुळातच नाही. कव्हरचे दहा बोल्ट ढिले करायचे, खालची कड सोडवायची आणि खाली घमेलं ठेवायचं. एखाद्या बोल्टखाली गिअर रेशो कोरलेली पत्र्याची पट्टी असेल तर ती जपून परत त्याच बोल्टखाली लावा.

पण ड्रेन सापडला तरी आधी वरचा प्लग उघडा. मी एकदा उत्साहाच्या भरात खालचा आधी काढला. सगळं ऑइल बाहेर, आणि वरच्याचं डोकं पान्याखाली गोल होऊन बसलेलं. वेल्डरला बोलावून त्यावर नट चिकटवेपर्यंत गाडी दोन दिवस अंगणात. घरच्यांचे टोमणे वेगळेच.

आता पुढचे तीन. मधला, डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) कव्हरवरचा, मागच्यासारखाच. उरलेले दोन दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला, स्टिअरिंग नकलच्या (चाक वळतं त्या सांध्याच्या) गोल वाटीवर आहेत ना? ते ना लेव्हलचे, ना ड्रेनचे. ते आतल्या जॉइंटला ग्रीस भरण्याचे. डिफरन्शियलचं ऑइल आणि वाटीतलं ग्रीस यांच्यामध्ये अ‍ॅक्सल ट्यूबमध्ये सील असतं. त्या प्लगमधून पातळ काळं ऑइल आलं तर तिथून ‘ड्रेन’ झालं असं समजू नका, आतलं सील गेलंय. लँड रोव्हर सीरीजवाल्यांचं वेगळं: त्यांच्या स्विव्हलमध्ये (तशाच गोल सांध्यात) ऑइलच असतं आणि त्याला भरण्याचा, लेव्हलचा, ड्रेनचा असे वेगवेगळे प्लग. तिकडचे व्हिडिओ बघून इकडे हात घालू नका.

ट्यूबवर टोपीसारखं जे छोटं दिसतं तो ब्रीदर, आतली हवा बाहेर सोडणारा. तोही प्लग नाही, पण काढून फुंकून बघा. तो तुंबला की गरम हवेच्या दाबाने ऑइल सीलमधून बाहेर येतं आणि आपण उगाच सीलला दोष देतो.

ऑइल गाडी थोडी फिरवून, कोमट असताना काढा. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. तुमच्या जीपची पूर्वज असलेल्या युद्धकाळातल्या विलीज एमबीला प्रत्येक डिफरन्शियलला अडीच अमेरिकन पिंट, म्हणजे जेमतेम १.२ लिटर लागतं. तुमचाही अंदाज तेवढाच धरा, पण शेवटचा निकाल करंगळीचा. डिफरन्शियलला ८०डब्ल्यू-९० जाडीचं, जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल चालेल. तेच उरलेलं गिअरबॉक्समध्ये मात्र ओतू नका, तिथल्या पितळी सिंक्रो रिंगांसाठी (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या कड्यांसाठी) जीएल-४ घ्या.

परत बसवताना: हे प्लग बहुतेक निमुळत्या आट्यांचे असतात, सील आट्यांतच होतं. वॉशर घालू नका, आट्यांना थोडं सीलंट लावा आणि पान्याला पाइप जोडून आवळू नका. खाली खरवडल्यावर काय निघालं त्याचा एक फोटो टाका, मग पुढचं बघू.