निर्लेखन झालं, विल्हेवाट बाकी आहे

एका वाचकाने विचारलं आहे: ‘निवडणूक शाखेकडील जुन्या मतपेट्या व फर्निचरचे निर्लेखन करून विल्हेवाट लावण्यासाठी निविदा मागवल्या’ अशी बातमी वाचली. निर्लेखन म्हणजेच विल्हेवाट ना, मग एकच गोष्ट दोनदा कशाला? मतदान यंत्रांनाही हेच शब्द चालतील का? आणि ‘प्रोक्युअरमेंट’ला ‘प्रापण’ म्हणावं का?

बातमीदाराचं बरोबर आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्लेखन होतं ते नोंदीचं आणि विल्हेवाट लागते ती वस्तूची.

कचेरीत कपाट, खुर्ची, लोखंडी मतपेटी असं काही टिकाऊ आलं की ते जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढतं. बोलताना सगळे ‘डेडस्टॉक’च म्हणतात. एकदा नोंद झाली की ती वस्तू गंजो नाहीतर मोडो, पडताळणीच्या वेळी दाखवावीच लागते. सरकारी कचेरीत तीन पायांची खुर्ची वर्षानुवर्षं जपून ठेवलेली दिसते ती यामुळे. मग कधीतरी समिती पाहणी करते, वस्तू दुरुस्तीपलीकडे गेल्याचं लिहून देते, सक्षम अधिकारी मंजुरी देतो आणि ती नोंद कमी होते. याला म्हणायचं निर्लेखन. खुर्ची अजून जागच्या जागीच असते.

आज हा शब्द ‘राइट ऑफ’साठी वापरतात, पण संस्कृतात तो जुना आहे. ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थ ओरखडणं, खरवडणं. आयुर्वेदात जिभेवरचा थर खरवडून काढण्याला ‘जिह्वानिर्लेखन’ म्हणतात. नोंदवहीतून वस्तू खरवडून काढणं असा अर्थ घेतला तर शब्द झकास बसतो. फक्त प्रत्यक्षात नोंदवही खरवडायला गेलात तर नोटीस येईल; तिथे मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक आणि तारीखच लिहावी लागते. जाता जाता, बँकांच्या बातम्यांतही हाच घोळ होतो. कर्ज निर्लेखित केलं म्हणजे माफ केलं असं होत नाही. ते ताळेबंदातून निघतं, कर्जदाराच्या मागचा तगादा सुटत नाही.

‘विल्हेवाट’ची गंमत त्याहून जास्त. ‘विल्हे’ म्हणजे व्यवस्था, क्रमाने लावणं. ‘अकारविल्हे’मध्ये हाच विल्हे आहे, आणि एखादी गोष्ट ‘विल्हेस लावणे’ म्हणजे मार्गी लावणे. पुढे गुन्ह्यांच्या बातम्यांनी या शब्दाला मृतदेहाशी नेऊन चिकटवलं, नाहीतर तो तसा घरंदाज शब्द. निवडणूक शाखेत मात्र दोन्ही अर्थ अजून नांदतात. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं आपापल्या गटात अकारविल्हे लागतात आणि मुदत संपली की त्याच मतपत्रिकांची विल्हेवाट लागते.

ती कशी लावायची हे या शब्दात येत नाही, पुढे सांगावं लागतं. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे निरुपयोगी मालाची उरलेली किंमत २ लाख रुपयांवर असेल तर जाहिरात देऊन निविदा मागवायच्या किंवा जाहीर लिलाव करायचा. लिलाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. काही भागांत त्यालाच ‘हर्रास’ म्हणतात. ‘निविदा’ मात्र खरेदी आणि विक्री दोन्हीकडे चालते. खरेदीत सर्वांत कमी दराची निविदा पाहतात, भंगार विकताना सर्वांत जास्त दराची. म्हणून बातमीत नुसतं ‘निविदा मागवल्या’ लिहिलं की वाचक गोंधळतो. ‘विक्रीसाठी’ एवढा एक शब्द घातला तर काय बिघडतं?

मतपत्रिका आणि मतदान यंत्रांसाठी मी ‘नष्ट करणे’ हेच लिहीन. १९६१ च्या निवडणूक नियमांनुसार न वापरलेल्या मतपत्रिका ६ महिने आणि वापरलेल्या १ वर्ष ठेवून, वेगळा आदेश नसेल तर, नष्ट करतात. मतदान यंत्रं निकालानंतर लगेच हलवत नाहीत, कारण निवडणूक याचिकेसाठी ४५ दिवसांची मुदत असते. आयुष्य संपलेली यंत्रं भंगारवाल्याकडे जात नाहीत. ती बनवणाऱ्या भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या कंपन्यांच्या कारखान्यातच ठरलेल्या पद्धतीने मोडतात. इथे ‘विल्हेवाट’ चुकीचं नाही, पण यंत्रं कुणाला विकली की काय, अशी शंका उगाच येते. बोटावरच्या शाईला यातलं काहीच लागू नाही. म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यातून १९६२ पासून येणारी ही शाई उपभोग्य वस्तू आहे, जडवस्तू नव्हे. ती वापरली की साठा नोंदवहीत खर्ची पडते.

राहिलं ‘प्रापण’. कुणी बोलत नाही, कुणाला कळत नाही. महाराष्ट्र शासनाची १ डिसेंबर २०१६ ची नियमपुस्तिका सरळ ‘कार्यालयीन खरेदी’ म्हणते. मंडप, कॅमेरे भाड्याने घेतले तर ‘खरेदी’ खटकेल, तिथे ‘भाड्याने घेणे’ लिहावं. मतदानासाठी गाड्या किंवा इमारती ताब्यात घेतात तेव्हा शब्द आणखी वेगळा: ‘अधिग्रहण’. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १६० खालचा हा अधिकार आहे. त्यात मालकाला भरपाई मिळते, पण निविदा नसते आणि नाही म्हणायची सोयही नसते.