पार्किन्सन्समध्ये आवाज का बसतो? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : यांना पार्किन्सन्स होऊन सहा वर्षं झाली. हात फारसा थरथरत नाही, पण आवाज अगदी आत गेलाय. ‘जरा मोठ्यानं बोला’ म्हटलं की चिडतात. ‘मी नेहमीसारखाच बोलतोय, तुझेच कान तपासून घे’ म्हणतात. गोळी वाढवली तर आवाज सुटेल का? (सातारा)

उत्तर : यजमान हट्ट करत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. या आजारात अक्षर बारीक होत जातं, पाऊल आखूड पडतं, तसाच आवाजही लहान होतो. त्यातच आपण किती जोर लावतोय याचा मेंदूचा अंदाज चुकतो. स्वतःचं पुटपुटणं त्यांना ठणठणीत वाटतं आणि चारचौघांसारखा आवाज काढायला लावला, तर आपण ओरडतोय असं वाटतं. म्हणून ‘मोठ्यानं बोला’चा परिणाम एका वाक्यापुरता टिकतो. पुढच्या वाक्याला आवाज पुन्हा खाली.

लेवोडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाची, गोळी चालण्यावर आणि ताठरपणावर जितकी लागू पडते, तितकी आवाजावर पडत नाही. आवाजासाठी डोस स्वतःहून वाढवू नका. इथे खरं औषध स्पीच थेरपी आहे. यातली सर्वांत जास्त अभ्यासलेली पद्धत म्हणजे अमेरिकेत विकसित झालेली ‘एलएसव्हीटी लाउड’ (ली सिल्व्हरमन व्हॉइस ट्रीटमेंट), म्हणजे मोठ्यानं बोलण्याचा नेटानं सराव. आठवड्यातले ४ दिवस, रोज १ तास, असे ४ आठवडे, म्हणजे एकूण १६ बैठका. ब्रिटनमध्ये ३८८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ती तिथल्या नेहमीच्या स्पीच थेरपीपेक्षा सरस ठरली. त्या चाचणीचे निष्कर्ष २०२४मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातून एकदा जाऊन भागत नाही, कारण इथे नुसता घसा तयार करायचा नसून कानाचं माप बदलायचं असतं. जवळपास प्रशिक्षित थेरपिस्ट नसेल तर व्हिडिओ कॉलवरही ही थेरपी घेता येते.

सुरू करण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीनं स्वरतंतू तपासून घ्या. सरावाचा गाभा असा : खुर्चीत ताठ बसायचं, पाय जमिनीला टेकलेले. पोटापर्यंत श्वास घेऊन ‘आऽऽ’ म्हणायचं, दम असेल तेवढा वेळ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जोरात. असं १५ वेळा. मग ‘आ’ खालच्या सुरातून वर चढवायचा १५ वेळा, वरून खाली उतरवायचा १५ वेळा. त्यानंतर त्यांची रोजची १० वाक्यं, प्रत्येक ५ वेळा. ‘चहा झाला का?’, ‘पेपर कुठे ठेवलाय?’, ‘माझी गोळी दे’ अशी खरोखर तोंडात असणारी वाक्यंच निवडा. शेवटी वाचन आणि गप्पा. बैठकीच्या दिवशी घरी आणखी १० मिनिटं, इतर दिवशी १५-१५ मिनिटं दोनदा. वेळ गोळीचा अंमल चांगला असतानाची धरा.

चुकतं कुठे? मानेच्या शिरा ताठ झाल्या, आवाज घासल्यासारखा आला, की समजावं, जोर घशातून लागतोय. थांबा, घोटभर पाणी द्या, श्वास पुन्हा भरायला सांगा. दुसरं, वाक्याचा शेवट विरतो. तिथे वाक्य मध्येच तोडून नवा श्वास घ्यायचा. तिसरी गोष्ट जरा अप्रिय आहे. पाठ असलेली स्तोत्रं सरावाला घेऊ नका. सवयीनं जिभेवर बसलेली ओळ वेग पकडते आणि आवाज पुन्हा गुळमुळीत होतो. त्यापेक्षा वर्तमानपत्राचे मथळे वाचायला द्या.

मोबाइलवर आवाज मोजणारं ॲप घ्या आणि फोन तोंडापासून फूटभर अंतरावर ठेवा. प्रत्येक फोन वेगळा आकडा दाखवतो, म्हणून कालच्या आणि आजच्या आकड्याचीच तुलना करा. सहज बोलताना ६२ डेसिबल येत असेल तर ६८-७० गाठायचं. आकडा डोळ्यांना दिसला की ‘मी ओरडतोय’ हा वाद आपोआप मिटतो.

आणि हो, तुमचे कानही तपासून घ्याच. घरात एकाचा आवाज खाली गेला आणि दुसऱ्याला कमी ऐकू येत असेल, तर दोघंही विनाकारण एकमेकांना दोष देत बसतात.

प्रश्न : वडिलांचा आवाज मोठा आहे, पण बोलणं धावतं, शब्द एकमेकांवर चढतात. फोनवर काहीच कळत नाही. (नागपूर)

उत्तर : प, त, क या अक्षरांना ओठ किंवा जीभ क्षणभर पूर्ण टेकावी लागते. घाईत ती टेकतच नाही, अक्षर फुटण्याऐवजी घासत जातं. यासाठी पुठ्ठ्याची ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या आणि तिच्यावर आइस्क्रीमच्या काड्या आडव्या चिकटवून ६ खण करा. एका खणाला एक शब्द. बोट काडी ओलांडून पुढच्या खणात टेकलं की मगच पुढचा शब्द. नुसतं टेबलावर बोट आपटून चालत नाही, कारण बोटही बोलण्याबरोबर धावायला लागतं; काडीचा अडथळा त्याला थांबवतो. फोनवर बोलताना हीच पट्टी समोर ठेवा.

प्रश्न : मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया (डीबीएस) केल्यावर बोलणं सुधारेल का? (पुणे)

उत्तर : त्या आशेवर शस्त्रक्रिया करू नका. थरथर, ताठरपणा, अनैच्छिक हालचाली यांवर तिचा उपयोग होतो. बोलणं बहुधा सुधारत नाही, काहींचं उलट बिघडतं. शस्त्रक्रियेआधी वाचनाचं आणि गप्पांचं ५ मिनिटांचं रेकॉर्डिंग करून ठेवा. नंतर बोलणं बिघडलं तर ते न्यूरॉलॉजिस्टना ऐकवा. करंटची मात्रा बदलून कधी कधी फरक पडतो.

प्रश्न : आईला पाणी पिताना ठसका लागतो. आवाजाशी याचा संबंध आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : आहे, आणि हा प्रश्न लांबणीवर टाकू नका. बोलायचे आणि गिळायचे स्नायू बरेचसे तेच. पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरता येतो का, वजन घटतंय का, वरचेवर ताप किंवा खोकला होतो का, हे बघा. ठसका न लागताही अन्न श्वासनलिकेत उतरू शकतं, त्यामुळे ‘आता ठसका थांबलाय’ यावर विसंबू नका. यातलं एकही लक्षण दिसलं तर डॉक्टरांना सांगून स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. तोवर जेवताना ताठ बसवा, घास आणि घोट लहान द्या, तोंडात घास असताना त्यांना काही विचारू नका.